शब्दचर्चा: ‘रेडिएशन रेझिस्टंट’ फायबरला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: भोसरीतल्या आमच्या युनिटमध्ये आयटीआय करून आलेल्या मुलांसाठी मराठी टिपण लिहिते आहे. विषय आहे अणुभट्टीच्या आतले दृश्य बाहेर आणणारे प्रकाशतंतू. मसुद्यात ‘किरणोत्सर्गरोधक तंतुजुडी’ असे लिहिले आहे. चालेल का?

उत्तर: ताई, ‘रोधक’ नको. जलरोधक कापड पाणी अडवते, पण हा तंतू गॅमा किरणांना अडवत नाही. ते त्याच्या आरपार जातात. त्यांचा मारा सोसूनही काच पारदर्शक राहते, हा त्याचा गुण. सोसण्याच्या या अर्थाला आपल्याकडे ‘सह’ आहेच: अग्निसह विटा, उष्णतासह काच. म्हणून ‘प्रारणसह तंतू’ (प्रारण म्हणजे रेडिएशन).

मुलांना कारणही सांगा, म्हणजे शब्द पक्का बसेल. दूरसंचाराच्या नेहमीच्या फायबरमध्ये गाभ्याचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वाकवते याचे माप) वाढवायला जर्मेनियम घालतात. गॅमा किरणांनी काचेतले इलेक्ट्रॉन सुटतात, रचनेतल्या दोषांपाशी अडकतात आणि तिथे रंगकेंद्रे तयार होतात. ती प्रकाश शोषतात, काच काळवंडते. जर्मेनियमवाल्या गाभ्यात हे फार होते. म्हणून इथे गाभा शुद्ध सिलिकाचा ठेवतात आणि त्याच्याभोवतीच्या काचेच्या आवरणात फ्लुओरीन घालून त्याचा अपवर्तनांक खाली आणतात. प्रकाश गाभ्यातच कोंडून राहायला गाभा आणि आवरण यांतला फरक लागतो. तो कोणत्या बाजूने साधला, यावर सगळे अवलंबून आहे.

दुसरे मत: ‘रोधक’ नको हे मान्य. पण भौतिकशास्त्रात साधा प्रकाशही प्रारणच. प्रकाश वाहणाऱ्या तंतूला ‘प्रारणसह’ म्हटले तर शिकणारा गोंधळेल. ‘किरणोत्सर्गसह’ म्हणावे तर एक काना वाढला की ‘किरणोत्सर्गासह’ होते, म्हणजे अर्थच उलटा! सुरक्षेच्या टिपणात ही जोखीम कशाला घ्यायची? कृषी खात्याच्या पत्रकांत रोगप्रतिकारक वाण वेगळे आणि रोगसहनशील वाण वेगळे लिहितात. त्याच धर्तीवर ‘किरणोत्सर्ग-सहनशील’ लिहा. लांब आहे, पण चुकीचे वाचले जाणार नाही.

‘जुडी’बद्दलही बोलायला हवे. मेथीची जुडी सोडली की काड्या सुट्या होतात. तुमच्याकडचा माल तसा आहे का? सिलिकाच्या नळीत हजारो बारीक कांड्या रचून, सुमारे 2000 अंश सेल्सिअसला तापवून, सगळे एकत्र ओढले असेल तर ते वितळून एकजीव झालेले असते. एका तंतूत हजारो गाभे, आणि प्रत्येक गाभा चित्राचा एक ठिपका. त्याला ‘बहुगाभा प्रतिमातंतू’ म्हणावे. सुटे तंतू फक्त टोकांना चिकटवलेले असतील तर ‘क्रमबद्ध तंतुजुडी’. भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स आणि नरिंदर कपानी यांनी 1954 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात मांडलेला लवचीक फायबरस्कोप (तंतूंतून आतले चित्र बाहेर दाखवणारे उपकरण) अशा जुडीचाच होता. ‘क्रमबद्ध’ मात्र गाळू नका. दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम एकच नसेल तर उजेड पोचतो, चित्र पोचत नाही.

प्रश्नकर्ती: आमचा एकजीवच आहे. मग वाक्य असे करते: ‘किरणोत्सर्ग-सहनशील बहुगाभा प्रतिमातंतूचा गाभा शुद्ध सिलिकाचा असतो.’ आणि ‘काळवंडणे’ तसेच ठेवते, मुले तेच म्हणतात.

उत्तर: ठेवा. फक्त एवढे जोडा की निळा प्रकाश आधी शोषला जातो, त्यामुळे चित्र आधी पिवळट दिसू लागते. ते दिसले की पर्यवेक्षकाला सांगायचे.