स्लीव्हनंतर मन लागत नाहीये, काट्याचं काय करू?

अबोली (धागाकर्ती)

नमस्कार. वजनासाठी माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालंय, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकलाय. दुसरा महिना चालू आहे. टाके भरले, दुखणं गेलं, ऑफिसही सुरू झालं. सुरुवातीला वजन भराभर उतरलं आणि मग काटा जागचा हलेना. घरात नवरा सोडला तर सगळ्यांचं एकच, "ऑपरेशन करून घेतलंस ना, मग आता कसलं टेन्शन?" एक काकू तर तोंडावर म्हणाल्या, सोपा मार्ग धरलास. दोन-चार घासांत पोट भरतं, अधूनमधून उलटी होते, संध्याकाळी उगाच रडू येतं. मन जड झालं की पूर्वी खायचे. आता तेही नाही.

विचारायचं एवढंच की उत्साह टिकवायला तुम्ही काय केलंत? रोज वजन करावं, आठवड्याला करावं, की काटा माळ्यावर टाकावा? अटी दोन. नवीन काही विकत घ्यायचं नाही, ऑपरेशनलाच भरपूर खर्च झालाय. आणि दिवसातून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नाही, मूल लहान आहे.

वाटसरू

ताई, अभिनंदन! साधा काटा फेकून द्या आणि मोबाइलला जोडणारा स्मार्ट काटा घ्या. चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, सगळं दिसतं. सोबत पावलं मोजणारं घड्याळ. माझं वजनाचं बायपास (जठर छोटं करून आतड्याचा पुढचा भाग त्याला जोडतात ते) झालं तेव्हापासून माझा आलेख मी सगळ्यांना दाखवतो, डॉक्टरसुद्धा बघून खूश होतात. घड्याळ चांगल्यातलंच घ्या, स्वस्तातलं टिकत नाही.

नितळ

वाटसरू, त्यांनी विकत काही नको असं लिहिलंय हो.

वाटसरू

वाचलंय. पण तब्येतीवरचा खर्च हा खर्च नसतो.

पाऊलवाट

अबोली, काटा अडकणं अगदी ठरलेलं आहे. बहुतेकांचा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अडकतो, नंतरही अधूनमधून अडकत राहतो. सुरुवातीला शरीर यकृतातलं आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरतं. त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते सगळं एकदम निघून जातं आणि आपल्याला वाटतं चरबीच चालली. पुढे साठा थोडा भरतो, पाणी परत येतं. चरबी जातच असते, पण काट्यावर ती पाण्याखाली झाकली जाते. म्हणून आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उठल्यावर वजन करायचं. रोज नाही. शिवणाची टेप घरात असेलच. कंबर, दंड, मांडी महिन्याला मोजा. माझं वजन थांबलं होतं तेव्हा कंबर कमी होत होती आणि त्यावरच मी तग धरला.

केवडा

आठवड्याला +१. रोज अजिबात नको. मी रोज करायचे आणि दिवसभराचं मन काट्यावर ठरायचं.

आणि सोप्या मार्गाचं म्हणाल तर त्या काकूंना सांगा, स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही ज्या भुकेशी झगडत होता ती तुमच्या आळसाची नव्हती, रक्तातली होती. ऑपरेशनने भूक कमी केली, बाकी सगळं अजून तुम्हीच करताय. मला हे समजलं तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा राग येणं थांबलं.

दत्तूकाका

स्लीव्ह कशाला केलीत? बायपास करायला हवं होतं. गोड पोटात गेलं की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा. डंपिंग म्हणतात त्याला. एकदा अनुभव घेतला की माणूस गोडाकडे बघत नाही. स्लीव्हवाल्यांना हा धाक नाही, म्हणून त्यांचं वजन परत वाढतं.

केवडा

काका, डंपिंग स्लीव्हनंतरही होतं, फक्त बायपासपेक्षा कमी. आणि वजन दोन्हींत थोडं परत येतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात लोकांना वीस वर्षांपर्यंत तपासत राहिले. सर्वांत कमी वजन पहिल्या एक-दोन वर्षांत, मग थोडं वाढून स्थिरावतं. तरीही ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमीच राहिलं. अबोलीचं ऑपरेशन होऊन गेलंय, आता कुठलं करायला हवं होतं हे सांगून त्यांना काय मिळणार?

दत्तूकाका

मी माझा अनुभव सांगितला. पटला तर घ्या. माझी मधुमेहाची गोळी बंद झाली ती बायपासमुळेच.

खमकी

अबोली, बाकीचं बाजूला ठेवा. अधूनमधून उलटी म्हणजे किती? रोज एकदा की आठवड्यातून एकदा? पाणी पोटात टिकतं का? गोळ्या टिकतात का?

रानफूल

माझे केस मूठमूठ गेले हो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. कोणीच आधी सांगितलं नव्हतं. बायोटिनचा मोठा डोस घेतला आणि आता केस पूर्वीपेक्षा दाट आहेत. अबोली, आत्तापासूनच सुरू करा.

नितळ

रानफूलताई, ते केस बायोटिनशिवायही आले असते. ऑपरेशनचा आणि झपाट्याने उतरणाऱ्या वजनाचा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि काही महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात. लोह, जस्त, प्रथिनं कमी पडली तर गळणं लांबतं, म्हणून ती तपासायची. बायोटिनचा मोठा डोस घेत असाल तर रक्त तपासणीआधी सांगाच. थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकीचे येतात.

रानफूल

मला फायदा झाला म्हणून सांगितलं.

वाटसरू

प्रथिनांवरून आठवलं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम झालीच पाहिजेत. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर बाकी. मी परदेशी पावडर घेतो, तिच्यासारखी दुसरी नाही. आणि पाणी स्ट्रॉने पिऊ नका, हवा जाते पोटात.

पाऊलवाट

स्ट्रॉचं काही खरं नाही. मी पहिल्या दिवसापासून स्ट्रॉने पितो, उलट घोट छोटे राहतात.

वाटसरू

माझ्या आहारतज्ज्ञांनी छापील कागदावर दिलंय.

पाऊलवाट

माझ्या आहारतज्ज्ञांनी स्ट्रॉ वापरा म्हणून सांगितलं. ज्याला गॅसचा त्रास होतो त्याने टाळावी, इतकंच. खरा नियम जेवणासोबत पाणी न पिण्याचा आहे. जेवल्यावर अर्धा तास थांबायचं आणि मग दिवसभर घोट घोट करत दीड लिटर तरी पोटात गेलं पाहिजे.

दत्तूकाका

स्ट्रॉ नकोच. +१ वाटसरू.

खमकी

स्ट्रॉ राहू द्या. मी पुन्हा विचारते, अबोली, उलट्या किती?

का विचारतेय ते लिहिते. मी ऑपरेशननंतरच्या वॉर्डात कामाला होते आणि माझी स्वतःची स्लीव्ह झालेली आहे. शरीरात बी-१ म्हणजे थायमिनचा साठा जेमतेम २ ते ३ आठवडे पुरतो. खाणं कमी आणि वर उलट्या चालू असतील तर तो झपाट्याने संपतो. आधी थकवा, चिडचिड, उदासपणा येतो, त्यामुळे सगळे म्हणतात मनाचं आहे. मग एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, पायांना मुंग्या. तिथवर पोचलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे टाळता येतं, वेळेवर बी-१ दिलं तर. आणखी एक. अशा वेळी कोणी जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावायला निघालं तर आधी सांगायचं की माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, बी-१ आधी द्या. नुसत्या ग्लुकोजने उरलासुरला साठाही खर्ची पडतो.

सारख्या उलट्यांचं दुसरं कारण म्हणजे स्लीव्ह, म्हणजे उरलेली जठराची नळी, कुठेतरी अरुंद झालेली असणं. तेही तपासून दुर्बिणीने रुंद करता येतं. घाई किंवा मोठा घास हे कारण असेल तर उत्तमच, पण ते घरी बसून ठरवायचं नाही.

केवडा

खमकी, हे महत्त्वाचं आहे. अबोली, वाचताय ना?

वाटसरू

उलटी मलाही व्हायची, घास नीट चावत नव्हतो म्हणून. वीस-पंचवीस वेळा चावा, थांबेल.

खमकी

तुमची थांबली, चांगलं झालं. त्यांची तपासल्याशिवाय कळणार नाही.

सांजवेळ

रडण्याबद्दल कोणी लिहिलंच नाही म्हणून मी लिहिते. माझं वजन उत्तम उतरत होतं, सगळे कौतुक करत होते आणि मला रात्री झोप लागत नव्हती. खाणं ही माझी एकुलती सोबत होती, ती एका दिवसात गेली. त्या रिकाम्या जागेत दुसरं काही शिरायला टपलेलं असतं. कोणाची खरेदी वाढते, कोणाची दारू. ऑपरेशननंतर दारू रक्तात लवकर चढते आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका अनेकांत दुसऱ्या वर्षापासून वाढतो, जेव्हा सगळ्यांना वाटतं की आता सुटलो. मी समुपदेशकाकडे गेले, कितीतरी महिने. मला त्याची गरज होती आणि पुन्हा लागली तर पुन्हा जाईन. रडू रोजचं झालं, जगण्याचा कंटाळा असा विचार एकदा जरी आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका.

ऑपरेशन झालेल्यांचा एखादा गट असेल तर जरूर जा. पैसे लागत नाहीत बहुतेक ठिकाणी. तिथे दोन-चार घासांत पोट भरतं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

नितळ

गटाला माझंही अनुमोदन.

पाऊलवाट

गट +१. काटा मात्र आठवड्यालाच.

रानफूल

मला गटात फार त्रास झाला. प्रत्येक जण किती किलो गेले एवढंच विचारायचा आणि माझं सगळ्यांत कमी. मी सोडून दिला. तिथे एकाने तर डोकं दुखतं म्हणून साधी दुखण्याची गोळी वारंवार घेतली आणि पोटात अल्सर घेऊन बसला.

खमकी

बरं झालं काढलंत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या स्वतःच्या मनाने नाहीतच, बायपासवाल्यांनी तर शक्यतो कायमच्या टाळायच्या. सिगारेटचंही तेच. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, पण विचारून.

अबोली (धागाकर्ती)

उशिरा आले, माफ करा. पहिले सगळे प्रतिसाद एका दमात वाचले आणि खमकीताईंच्या प्रश्नाशी अडले. उलटी अधूनमधून असं लिहिलं होतं, पण मोजायला बसले तर जवळपास रोज होत होती, आणि सकाळच्या गोळ्या तिच्याबरोबरच बाहेर जात होत्या. त्याच दिवशी सर्जनच्या टीमला फोन केला. त्यांनी लगेच बोलावलं. बी-१ ची इंजेक्शनं सुरू केली, रक्त तपासायला घेतलं, दुर्बिणीची तपासणीही झाली. स्लीव्ह अरुंद नाहीये. पुन्हा काही दिवस पातळ, मग मऊ, असं पायरीपायरीने चढवायला सांगितलंय. डोळे, चाल व्यवस्थित आहे. उलट्या कमी झाल्यात. रडूही कमी झालंय, ते जीवनसत्त्वामुळे की काहीतरी केल्यामुळे ते मला सांगता येणार नाही. समुपदेशकाची वेळ मात्र घेतली आहे. सांजवेळ, तुम्ही इतकं मोकळं लिहिलंत म्हणून घेतली.

आता काटा. तुम्ही जवळजवळ सगळ्यांनी आठवड्याला सांगितलंत, तरी मी रोजच करणार आहे. सहा दिवस न बघता राहिले की माझ्या डोक्यात आकडा वाढत जातो आणि सातव्या दिवशी काट्यावर पाय ठेवायची भीती वाटते. रोज बघितलं की तो नुसता आकडा राहतो. वहीत लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी सरासरी काढायची. पाऊलवाट, पाण्याचं तुम्ही समजावलंत त्यामुळेच हे जमतंय. वर गेला तर आज पाणी, एवढंच मनात येतं. टेपही काढली आहे.

गटात आत्ता जाणार नाही. किलोंची तुलना मला सोसणार नाही. अर्धा तास रोज संध्याकाळी नणंदेबरोबर चालते, मूल गाडीत. रडू यायची वेळ तीच होती म्हणून मुद्दाम तीच निवडली. तिला माझ्या वजनाबद्दल एक अक्षर विचारायचं नाही असं सांगितलंय आणि ती पाळते.

वाटसरूदादा, घड्याळ नाही घेत. राग नसावा.

वाटसरू

राग कसला ताई. उलट्या थांबतायत हे वाचून बरं वाटलं. पुढे कधी घ्यावंसं वाटलं तर विचारा.

सांजवेळ

गट नाही तर नाही. चालायला जोडीदार आहे आणि समुपदेशक आहे, हे खूप झालं. पहिल्या भेटीत मोकळं वाटलं नाही तरी दुसरीला जा.

केवडा

रोज वजन करणं मला पटलेलं नाही, पण कारण समजलं. महिन्याच्या सरासरीवर खरंच टिकता आलं तर इथे येऊन लिहा, मलाही बघायचंय.

खमकी

फार बरं केलंत फोन करून. कॅल्शियम कुठलं दिलंय? सायट्रेट असेल तर आम्ल कमी असलं तरी शोषलं जातं. आणि लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका, दोन्हींत किमान २ तासांचं अंतर ठेवा.

अबोली (धागाकर्ती)

सायट्रेटच आहे. पण दोन्ही सकाळी एकत्र घेत होते, हे कोणी सांगितलं नव्हतं. आजपासून लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी आणि रात्री विभागून. चालेल ना?

खमकी

चालेल. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम नको, तेवढंच नीट शोषलं जातं. लोह चहा-कॉफीपासूनही लांब ठेवा. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कायम चालू ठेवायचं, वजन कितीही छान झालं तरी.

दत्तूकाका

बी-१२ चं मी इंजेक्शन घेतो. गोळीपेक्षा इंजेक्शनच बरं.

नितळ

काका, जास्त मात्रेच्या गोळीनेही बहुतेकांचं भागतं. रक्तातली पातळी बघून डॉक्टर ठरवतील.