मदत हवी आहे: गॅब्रोतले दोन जुने झिरकॉन ठेवू की वगळू?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, भूविज्ञानात एम.एस्सी. करतेय. प्रबंधासाठी लडाखमधल्या निडरच्या ओफिओलाइटचे नमुने आहेत, म्हणजे टेथिस महासागराच्या तळाचा तो तुकडा, जो आत न गाडला जाता हिमालयात वर चढून बसला. दांडिया बाजारातल्या घरी त्यातला एक गॅब्रो, म्हणजे कवचात खोलवर सावकाश थिजलेल्या मॅग्माचा खडक, टेबलावर असतो. ओला केला की काळपट हिरवे पायरॉक्सीन आणि मधले पांढुरके फेल्डस्पार लख्ख दिसतात. समुद्राचा तळ हातात धरलाय, याचं अप्रूप अजून ओसरत नाही.

आता अडचण. हे कवच कुठे तयार झालं, ते खडकातल्या मूलद्रव्यांवरून शोधतेय. पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम बाजूला ठेवले, कारण गरम समुद्रपाण्यात ते सहज हलतात. थोरियम, निओबियम, टायटॅनियम, झिर्कोनियमवर भर दिला. थोरियम आणि लॅन्थॅनमच्या मानाने निओबियम कमी आहे, म्हणजे हे कवच मध्य-महासागरी कण्यावर (जिथे दोन भूपट्ट दूर सरकतात) नव्हे, तर सबडक्शनच्या वर (जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो) तयार झालं असावं. पण वय काढण्याच्या युरेनियम-शिसे पद्धतीत दोन झिरकॉन (खडकाचं वय ज्यांवरून काढतात ते बारीक स्फटिक) बाकीच्यांपेक्षा कितीतरी जुने निघाले! ते खंडीय कवचातून आले असतील, तर निओबियमची घटही त्याच भेसळीची असू शकते ना? की दगड कुटताना आधीच्या नमुन्यातले कण मिसळले?

ही भेसळ तपासायला झिरकॉनमधल्या हाफ्नियमची समस्थानिकं की सबंध खडकातल्या निओडिमियमची, आधी काय मोजू? दोन्हींचा खर्च झेपणार नाही. ज्यांनी हे काम स्वतः केलंय, त्यांनी कृपया सांगा.