मदत हवी आहे: गोल्फ कोर्सची जुनी स्प्रिंकलर सिस्टीम बदलायची आहे

हिरवळ_मुळशी: आमच्या कोर्सची पाण्याची सिस्टीम पार गेली आहे. रोज नवी गळती. अर्धे पॉप-अप (जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर) वर येत नाहीत, आलेले खाली जात नाहीत. दोन कोटेशनं आलीत. एक म्हणतो टू-वायर डिकोडर (दोनच वायरींवर सगळे पॉप-अप, आपला सिग्नल ओळखायला डिकोडर), दुसरा म्हणतो प्रत्येक पॉप-अपची वायर वेगळी ओढून जागोजागी कंट्रोलर बसवा. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. कोणतं घ्यावं? कृपया मुद्द्याचं लिहा.

पंपवाला_भोसरी: होल किती? पाणी कुठलं? मेन लाइन कशाची? काहीच सांगायचं नाही आणि रविवारी मीटिंग!

हिरवळ_मुळशी: ९ होल. लाइन जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी). पण प्रश्न कंट्रोलचा आहे, पाइपचा नाही.

पंपवाला_भोसरी: कंट्रोल भारीतला आणा, फुटकी लाइन मग वेळापत्रकानुसार गळेल.

ऊस_इंदापूर: ड्रिप करा. माझ्या उसाला जमिनीखालून आहे, झकास. स्प्रिंकलरचं पाणी वाऱ्यावर जातं.

हिरवळ_मुळशी: ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) आम्ही पोकळ खिळ्यांनी भोकं पाडून वाळू भरतो. नळ्यांची चाळण होईल.

ऊस_इंदापूर: मग खोल टाका.

निवृत्त_माळी: खोल टाकून काय उपयोग? ग्रीनवरची हरळी चार-पाच मिलिमीटरवर कापलेली असते, तिची मुळं उथळ. ड्रिप झाडांना ठीक.
मूळ प्रश्नाबद्दल: टू-वायरला तांबं खूप कमी लागतं आणि पुढे पॉप-अप वाढवणं सोपं जातं. पण मे महिन्यात वळवाच्या विजा झाल्या की डिकोडर उडतात. अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारे) कोटेशनमध्ये आहेत का बघा, स्वस्त कोटेशन बहुधा तिथेच स्वस्त झालेलं असतं. वेगळ्या वायरींत वायर जास्त, पण बिघाड कुठलाही वायरमन साधा मीटर घेऊन शोधतो.

सिंहगड_रोड: खडकवासल्याची चारही धरणं मिळून २९ टीएमसी, आम्ही उन्हाळ्यात टँकरवर. १ हेक्टरला १ मिमी पाणी म्हणजे १०,००० लिटर. रोज ५ मिमी, १० हेक्टर, ५ लाख लिटर झाले. चेंडू मारायला!

हिरवळ_मुळशी: धरणाचा थेंब घेत नाही. एसटीपीचं, म्हणजे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचं पाणी आहे.

पंपवाला_भोसरी: अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! त्या पाण्याला आधी फिल्टर लागतो. पॉप-अप अडकतात ते गाळानेही असेल.

निवृत्त_माळी: शिवाय त्यात नत्र असतं, तेवढं खत कमी टाका. क्षारही असतात. पाण्याचा ईसी (क्षार किती ते दाखवणारा आकडा) तपासून घ्या.

बाल्कनी_कोथरूड: मी कुंड्यांसाठी ऑनलाइन टायमर घेतला. गावाला गेलो तरी मोगरा टवटवीत! लिंक देऊ का?

रावेत_प्लंबर: जीआय काढून पीव्हीसी टाका. स्वस्त पडेल.

पंपवाला_भोसरी: पंप बंद झाला की पाण्याचा दणका बसतो, पीव्हीसीचे जोड सुटतात. एचडीपीईचाच प्लास्टिक पाइप, वेल्ड करून.

रावेत_प्लंबर: आणि रात्री फुटली तर वेल्डिंग मशीन घेऊन कोण येणार, तुम्ही? पीव्हीसीचा जोड माळीसुद्धा बसवतो.

निवृत्त_माळी: माळी पुष्कळ काही करतो. भांडण पुरे. सगळ्यात लांबच्या ग्रीनवर पॉप-अप चालू असताना दाब मोजायचं गेज लावा.

हिरवळ_मुळशी: लावलं. पंपाशी दाब ६ किलो, सातव्या ग्रीनवर २.५.

निवृत्त_माळी: सातवं उंचावर आहे का? दर १० मीटर चढाला १ किलो जातो.

हिरवळ_मुळशी: जेमतेम तीन-चार मीटर.

निवृत्त_माळी: मग उरलेले तीन किलो पाइपात मुरतायत. जीआय आतून गंजून अरुंद होतो. गोल्फचा मोठा पॉप-अप साधारण ५ किलो मागतो. २.५ वर तो धड उठणार नाही, पाणीही सारखं पडणार नाही. आता सगळे व्हॉल्व बंद करा, लाइन भरून पंपाकडचा व्हॉल्वही बंद करा आणि सुई बघा. घसरत राहिली तर गळतीही मोठी आहे. कोटेशनमध्ये मेन लाइन धरली आहे का?

हिरवळ_मुळशी: एकात 'सध्याची मेन लाइन तशीच ठेवून' असं आहे. दुसऱ्यात पाइपचा उल्लेखच नाही.

पंपवाला_भोसरी: रविवारी दोन्ही परत पाठवा.

ऊस_इंदापूर: ड्रिपला १ किलो पुरतं. सांगून ठेवतो.