खलनायक हवा, पण खरा हवा

विषय: दिवाळीनंतरचा सिनेमा
प्रेषक: पमाकाकू, कार्यकारिणी
प्रति: समस्त मंडळी

मंडळी, नमस्कार.

फराळाच्या कार्यक्रमानंतरच्या शनिवारी हॉल संध्याकाळी आपल्याच ताब्यात आहे. तरुण गटाचं म्हणणं, यंदा नेहमीचा कौटुंबिक मराठी सिनेमा नको, 'खलनायक रात्र' करू. त्यांनी पाठवलेली यादी: जोकर, द बॅटमॅन, व्हेनम, क्रेव्हन. मला यातला जोकर तेवढा माहीत, तोही पत्त्यांमधला.

राजू, तू यातला दर्दी. सध्या नाशिकला आईकडे आहेस हे ठाऊक आहे, पण मेल वाचतोस हेही ठाऊक आहे. यातलं काय दाखवण्यासारखं आहे ते सांग. आणि सगळ्यांना विनंती, उत्तर देताना आधीची अख्खी मेल खाली लोंबकळत ठेवू नका.

पमाकाकू

---

प्रेषक: राजू, मुक्काम नाशिक

काकू, नमस्कार. आईची तब्येत आता बरी आहे. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरभर खोदकाम चालू आहे, त्यामुळे घरातून बाहेर पडणं कमी आणि सिनेमे बघणं जास्त असं चाललंय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

या सिनेमांना मी नावं ठेवतो असा माझा लौकिक आहे. ठेवतो, आणि पहिल्या आठवड्याचं तिकीटही मीच काढतो. माझी तक्रार सिनेमे काळेकुट्ट झाले ही नाही. खलनायकाला मध्यभागी बसवायचं, पोस्टरभर त्याचा चेहरा लावायचा आणि मग दोन तास त्याच्याकडून काही वाईट घडू नये याची काळजी घ्यायची, हा जो प्रकार चाललाय ना, त्याचा मला वीट आलाय.

यादीतल्या क्रेव्हनपासूनच धरा. कॉमिक्समधला क्रेव्हन हा शिकारी, आणि सगळ्यात मोठी शिकार म्हणून त्याला स्पायडरमॅन हवा असतो. 1987 च्या एका गाजलेल्या कथेत तो स्पायडरमॅनला चक्क पुरतो आणि त्याचे कपडे चढवून गावभर हिंडतो. अंगावर काटा येतो वाचताना. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या सिनेमात काय आहे? लहानपणी सिंहाने फाडलेला पोरगा, जखमेत सिंहाच्या रक्ताचा थेंब पडतो, वर एक जादूचा काढा, आणि पुढे हा गृहस्थ फक्त गुंडांना आणि चोरट्या शिकाऱ्यांना मारतो. म्हणजे वनखात्याचा जरा तापट अधिकारी! स्पायडरमॅनचा पत्ता नाही. ज्याच्यामुळे हा माणूस खलनायक ठरतो तोच गायब.

हे का होतं याचं कारण कलेत नाही, कागदपत्रांत आहे. नव्वदच्या दशकात स्पायडरमॅनची कॉमिक्स काढणारी मार्वल कंपनी डबघाईला आली, 1996 ला दिवाळखोरीत गेली. त्या काळात तिने पात्रांचे सिनेमाचे हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना विकले, त्यात स्पायडरमॅन आणि त्याच्या गोतावळ्याचे हक्क सोनीकडे गेले. पुढे 2015 ला दोघांचा समझोता झाला आणि स्पायडरमॅन मार्वलच्या सिनेमांत नांदायला गेला. सोनीच्या घरी उरले ते त्याचे वैरी. मग त्यांनाच नायक करा! व्हेनम, मॉर्बियस, क्रेव्हन, सगळी ही वरात. नवरदेव नसलेली.

त्यातल्या त्यात व्हेनम मला आवडतो, पण खलनायक म्हणून नाही. त्याची छाती नीट बघा. कॉमिक्समध्ये तिथे मोठा पांढरा कोळी असतो, कारण व्हेनम म्हणजे माणसाच्या अंगात शिरणारं जे जिवंत काळं द्रव्य, ते आधी स्पायडरमॅनच्या अंगावर होतं, त्याने झिडकारलं म्हणून ते सूडाला पेटतं. सिनेमातल्या व्हेनमची छाती कोरी आहे. इतिहासच नाही बिचाऱ्याला. टॉम हार्डीने मात्र त्याचं सोनं केलं. पहिल्या भागात तो भर हॉटेलात झिंग्यांच्या टाकीत जाऊन बसतो आणि जिवंत लॉबस्टर चावून खातो, ते दृश्य मी कधीही बघू शकतो. अंगात शिरलेल्या राक्षसाशी त्याचं जे भांडण चालतं ते मुरलेल्या नवराबायकोचं आहे. ती हसवणूक म्हणून दाखवायची तर दाखवा, 'खलनायक रात्र' म्हणून नको.

मॉर्बियसबद्दल एवढंच, की लोकांनी इंटरनेटवर त्याची टिंगल केली, कंपनीला वाटलं मागणी आहे, जून 2022 ला अमेरिकेत हजारेक थिएटरांत पुन्हा लावला आणि तो पुन्हा पडला. यापेक्षा मोठा विनोद अख्ख्या सिनेमात नाही.

आता जोकर. इथे मला जपून बोलायला हवं, चिकू वाचत असणार.

2019 चा जोकर चांगला सिनेमा आहे. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक, वाकीन फिनिक्सला ऑस्कर, हिल्दुर गुडनाडोत्तिरला संगीताचं ऑस्कर, आणि प्रौढांसाठीचा शिक्का असूनही 100 कोटी डॉलरच्या वर गल्ला. त्यातलं एक दृश्य सांगतो. आगगाडीतले खून करून तो पळत एका सार्वजनिक संडासात शिरतो. मूळ कल्पना अशी होती की तो पिस्तूल लपवेल, आरशात बघेल. दिग्दर्शकाने तिथे हिल्दुरबाईंचं चेलोवरचं संगीत लावलं आणि फिनिक्स हळूहळू नाचायला लागला. तेच ठेवलं. माणूस मारल्यावर एखाद्याला हलकं वाटू शकतं, हे एका शब्दाशिवाय दाखवलंय. खरा काळोख म्हणतात तो हा.

पण बाकीचा सिनेमा त्याच्या वतीने वकीलपत्र घेतो. ज्याला ज्याला तो मारतो, त्याने आधी काहीतरी केलेलं असतंच. गाडीतले तिघे माजोरडे, सहकारी दगाबाज, टीव्हीवाला टिंगलखोर. बुटका मित्र प्रेमळ असतो, त्याला सोडून देतो. प्रेक्षकाला कुठेच अवघडल्यासारखं होऊ दिलेलं नाही. हीथ लेजरचा 2008 चा जोकर आठवा. तोंडावरच्या व्रणांची गोष्ट तो दोनदा सांगतो, दोन्ही वेळा वेगळी. बालपणाचा पुरावा मागणाऱ्यांची त्याने आधीच थट्टा करून ठेवली होती.

मग 2024 चा दुसरा भाग. आपल्याकडे तो लागला 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीला. मुहूर्त काढणाऱ्याला दंडवत. लेडी गागा आहे, गाणी आहेत, कोर्ट आहे, आणि शेवटी आर्थर, म्हणजे जोकर बनलेला तो माणूस, स्वतःच कबूल करतो की जोकर वगैरे कुणी नाही, मीच ते केलं. हे धाडस मला पटलं. पण तिथवर पोहोचेपर्यंत थिएटरात माझ्या रांगेतली पोरं केव्हाच मोबाइलमध्ये शिरली होती. ती आली होती कुणासाठी? कॉलेज रोडला बाइकच्या टाकीवर ज्याचं स्टिकर असतं त्या भाईसाठी. सिनेमा त्यांना ओरडत होता, की तुम्ही चुकीच्या माणसाला डोक्यावर घेतलंत. डोक्यावर चढवलं कुणी मग? पहिल्या भागाने! गाडीच्या टपावर उभं करून, खाली गर्दी नाचवून.

तर माझं मत: यादीतला द बॅटमॅन ठेवा, बाकी रद्द करा. कारण विचारलंत तर सांगेन, आता आई जेवायला बोलावतेय.

राजू

---

प्रेषक: एक सदस्य

कृपया मला या चर्चेतून वगळा. मसालेभात ठरला की खिचडी, एवढंच कळवा.

---

प्रेषक: चिकू

राजूकाका, वाचला निबंध. वकीलपत्राचा मुद्दा मान्य नाही.

आर्थरची औषधं शहर बंद करतं. ज्या बाईंकडे तो दर आठवड्याला बोलायला जातो, त्यांचं ऑफिसच निधी नाही म्हणून बंद होतं. त्या म्हणतात, तुझ्यासारख्यांची कुणाला पडलेली नाही, आणि माझ्यासारख्यांचीही नाही. हे दाखवणं म्हणजे खुनाला माफी नाही. काही कारण असतं एवढंच सांगणं आहे. आणि खरं सांगू? तुमच्या पिढीने कर्णावर रडून रडून पानं भिजवलीत. तो चालतो, आर्थर नाही चालत?

शिवाय आम्ही इथे परदेशात वाढलेली मुलं आहोत. शाळेत डबा उघडला की नाक मुरडणारे असायचे. चांगला, शहाणा, सगळ्यांना क्षमा करणारा हिरो बघून आम्हाला काही वाटायचं नाही. चिडलेला माणूस पडद्यावर दिसला की वाटायचं.

चिकू

---

प्रेषक: पमाकाकू

चिकू, डब्याचं माझ्या लेकीनेही सांगितलं होतं, पण पुष्कळ उशिरा.

मला सिनेमातलं कळत नाही, तरी एक बोलते. आमच्या वेळी निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या. बाहेर ते किती सज्जन, सेवा दलातले, हे पुढे कळलं. पण त्या सरपंचाचं बालपण कसं गेलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तरी तो माणूस कळायचा. मान किंचित वाकडी करून नुसतं "बाई" म्हटलं की पुढचं सगळं कळायचं.

राजू, तुझं जेवण झालं असेल.

पमाकाकू

---

प्रेषक: राजू

झालं काकू. आणि निळूभाऊंचं तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या अख्ख्या मेलपेक्षा भारी आहे.

चिकू, कर्णाचा मुद्दा घेतोच. कर्णाचं दुःख सांगणारे द्यूतसभा गाळत नाहीत. द्रौपदीला भर सभेत तो काय बोलला, हे महाभारतात आहे, आणि ते वाचून झाल्यावरही त्याच्यासाठी जीव तुटतो. तुटतो म्हणूनच तो मोठा. ती सभा काढून टाका, मग उरेल नुसता गुणी आणि गरीब मुलगा. क्रेव्हनवाल्यांनी नेमकं तेच केलं. आर्थरच्या बाबतीत अर्धंमुर्धं केलं, एवढीच माझी कुरकुर. औषधांचा आणि त्या बाईंचा तुझा मुद्दा बरोबर आहे, तो प्रसंग सिनेमातला उत्तमातला एक.

चिडलेला माणूस हवा म्हणतोस, तर बॅटमॅनचा वैरी पेंग्विन, त्याची मालिका बघ. (ज्यांनी 2024 ची ही मालिका पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) आठ भाग. कॉलिन फॅरल मेकअपखाली ओळखूही येत नाही, लंगडतो, आईवर जीव टाकतो, विक नावाच्या अनाथ पोराला हाताशी धरतो. सात भाग तो आपल्याला आवडत राहतो. शेवटच्या भागात दोघं नदीकाठच्या बाकावर बसतात. पोरगं म्हणतं, तुम्ही मला घरच्यासारखे. हा म्हणतो, हो, आणि तीच तर भानगड आहे, घरचं माणूस म्हणजे कच्चा दुवा. आणि तिथेच त्याचा गळा दाबतो. दाबताना स्वतःही कळवळलेला असतो. पाकीट काढून पैसे घेतो, ओळखपत्र नदीत भिरकावतो. पुढच्याच प्रसंगात तो सूट घालून नाचतोय. इतका वेळ या माणसाच्या बाजूने बसल्याची मला लाज वाटली. गेल्या काही वर्षांत खलनायकाच्या कुठल्याही सिनेमाने हे केलेलं नाही. क्रिस्टिन मिलिओटीला यासाठी टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं ते उगाच नाही, तिची सोफिया तर त्याच्याही वरचढ.

चांगला हिरो बघून काही वाटत नाही म्हणालास. 2025 च्या जुलैत इथे सुपरमॅन पाहिला, नव्या डेव्हिड कोरेनस्वेटचा. लख्ख उन्हातला सिनेमा, खारीलासुद्धा वाचवतो तो. आमच्या सेन्सॉरने त्याच्या चुंबनाची 33 सेकंदं कापली ती गंमत वेगळीच. अख्खं शहर जमीनदोस्त झालेलं चालतं, मिठी लांबली की कात्री. पण हिरो भोळा असूनही कंटाळवाणा नव्हता. आणि मेमधला थंडरबोल्ट्स पाहिलास ना? त्यातला बॉब आपल्याच काळ्या सावलीला बुकलत सुटतो, जितकं मारतो तितका काळोख त्याच्याच अंगावर चढत जातो. बाकीचे येऊन त्याला घट्ट धरतात तेव्हा थांबतो. सिनेमा मध्ये मध्ये ढिला आहे, पण ती तुझी शाळेतली गोष्ट आहे असं मला आज वाटलं.

आमच्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 मध्ये लंकादहन काढला तेव्हा बाया मिळेनात म्हणून राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके नावाच्या एकाच नटाकडून करून घेतल्या. रावणाला मात्र दुसरा माणूस लागलाच. ही काटकसर सोनीला जमली नाही, त्यांनी रामालाच काढून टाकलं.

आता द बॅटमॅन का. 2022 चा, मॅट रीव्हजचा. काळोख म्हणशील तर यात दिवसच उगवत नाही, सारखा पाऊस. पॅटिन्सनचा बॅटमॅन सुरुवातीला गुंडाला सांगतो, मी सूड आहे. शेवटी यातला खलनायक रिडलर, त्याच्या एका माथेफिरू चेल्याचा बुरखा काढल्यावर तोही हेच म्हणतो, मी सूड आहे. आपलंच वाक्य शत्रूच्या तोंडी! त्यानंतर हा माणूस कुणाला मारायला जात नाही. पुराच्या पाण्यात उतरतो, लाल मशाल पेटवतो आणि अडकलेल्या लोकांना मागे घेऊन चालायला लागतो. स्वतःची चूक त्याला समजली, ती कुणी भाषण देऊन सांगितली नाही. रिडलरही अनाथ, बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेनही अनाथ, दोघांच्या दुःखाचं माप सारखं, पण सिनेमा दोघांना एकाच तागडीत घालत नाही.

राजू

---

प्रेषक: चिकू

द्यूतसभेचं पटलं. आर्थरचं अजून नाही. आपण समोरासमोर भांडू, तिकडून चिवडा आणा.

बॅटमॅनला माझं मत. पण जोकर फेब्रुवारीत लावायचा, हे आत्ताच इतिवृत्तात लिहून घ्या.

---

प्रेषक: पमाकाकू

लिहून घेतलं. द बॅटमॅन ठरला. बारा वर्षांखालच्या मुलांना बाजूच्या खोलीत हस्तकला. पण राजू, हा सिनेमा तीन तासांचा आहे म्हणे? हॉलिवूडच्या सिनेमाला मध्यंतर नसतं. आपल्या लोकांना चहाशिवाय इतका वेळ बसवणं माझ्याच्याने होणार नाही.

---

प्रेषक: राजू

176 मिनिटं, काकू. मध्यंतर मी सांगतो तिथेच करा. पावसात गाड्यांचा पाठलाग आहे, पेंग्विन पुढे, बॅटमॅन मागे. शेवटी पेंग्विनची गाडी उलटते. तो आत उलटा लटकलेला, आणि त्याच्या नजरेतून बॅटमॅन उलटा चालत येताना दिसतो, मागे जाळ. तो वाकून आत बघेल, तिथे थांबवा आणि दिवे लावा. चहा आधीच गाळून ठेवा, नाहीतर लोक पुन्हा जागेवर यायला अर्धा तास लावतील.

आणि मसालेभात. खिचडी नको.