हिमयुग नक्की शोधलं कोणी?

मेघना_क
भाचीच्या भूगोलाच्या वहीत एवढंच लिहिलंय : "हिमयुगाची कल्पना – लुई अगासिझ, 1837." ती विचारते, मावशी, त्याला असं अचानक कसं सुचलं? बर्फ आल्प्सच्या पायथ्याच्या पार पुढेपर्यंत पसरला होता, हे त्याच्याआधी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं का?

दगडूमास्तर
मेघनाताई, भाचीला सांगा, सुचलं नाही, ऐकलं. तेही तिसऱ्या तोंडून.

स्वित्झर्लंडमध्ये व्हाले प्रांतात लूर्तिए नावाचं गाव आहे. तिथला झां-पिएर पेरोदँ हा शिकारी, जनावराच्या मागे डोंगर पालथे घालणारा. हिमनदीच्या तोंडाशी कातळावर जसे ओरखडे असतात, तसेच त्याला बर्फापासून कितीतरी खाली, दरीतल्या खडकांवर दिसले. 1815 मध्ये झां द शार्पांतिए त्याच्या घरी मुक्कामाला होता. हा बे इथल्या मिठाच्या खाणींचा संचालक, चांगला शिकलेला भूवैज्ञानिक. पेरोदँ त्याला म्हणाला, खालच्या मार्तीन्यी गावाजवळचे धोंडे एवढे मोठे आहेत की ते पाण्याने आणलेले नाहीत. बर्फच एके काळी तिथवर होता. शार्पांतिएला हे इतकं अचाट वाटलं की विचार करायच्याही लायकीचं नाही, असं ठरवून तो मोकळा झाला. त्याला तरी किती दोष देणार! आल्प्सच्या सर्वांत उंच मों ब्लां शिखरावर चढलेला निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूरसुद्धा हे धोंडे पाण्याच्या लोंढ्याने आले असंच मानत होता.

मग 1818 आलं. ओळीने काही उन्हाळे थंड गेले होते, पेरोदँच्याच दरीत जिएत्रो हिमनदीचे कडे कोसळून द्रांस नदीवर बर्फाचा बांध तयार झाला आणि मागे तळं साचलं. प्रांताचा अभियंता इग्नाझ व्हेनेट्झ याने बर्फातून बोगदा खोदून पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. बरंचसं उतरलंही. पण 16 जूनला बांध फुटला आणि चाळीसच्या आसपास माणसं गेली. बोगदा नसता तर काय झालं असतं, कल्पना करा. पेरोदँने आपलं म्हणणं व्हेनेट्झच्याही कानावर घातलं होतं, आणि इथे ते रुजलं. व्हेनेट्झने 1821 मध्ये निबंध लिहिला. तो छापून यायला 1833 उजाडलं. (सरकारी काम, दुसरं काय.) दरम्यान व्हेनेट्झला खोटं पाडायला निघालेला शार्पांतिए स्वतःच त्याच्या बाजूचा झाला. 1836 च्या उन्हाळ्यात अगासिझ, म्हणजे माशांच्या जीवाश्मांचा स्विस अभ्यासक, बे इथे शार्पांतिएकडे आला, तोही शंका घेऊनच, आणि पटवून घेऊन गेला. पुढच्या वर्षी 24 जुलैला नशातेल गावी भरलेल्या स्विस निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेत लोक त्याच्याकडून माशांच्या जीवाश्मांवर ऐकायला बसले होते, आणि हा बोलला बर्फावर! 'हिमयुग' हा शब्दसुद्धा त्याचा मित्र कार्ल शिंपर याचा.

सह्याद्री७७
मास्तर, अगासिझला जरा जास्तच झोडपताय. बर्फावर मुक्काम ठोकून मोजमापं कोणी घेतली? हूगी नावाच्या स्विस अभ्यासकाने 1827 मध्ये उंटरआर हिमनदीवर झोपडी बांधली होती, ती 1841 मध्ये 1428 मीटर खाली सरकलेली आढळली, हे अगासिझनेच मोजलं ना?

दगडूमास्तर
मोजलं, मान्य. पण कारण चुकीचं धरलं. भेगांत पाणी गोठून फुगतं आणि बर्फाला पुढे ढकलतं, असं तो आणि शार्पांतिए दोघंही मानत. 1842 मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्सने मेर द ग्लास या हिमनदीवर थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) लावला, तर बर्फ रात्रंदिवस सरकतोय, म्हणजे पाणी गोठायची वाट बघत नाही, आणि मधला भाग कडेपेक्षा जास्त वेगाने! शिवाय अगासिझच्या मते बर्फाची चादर आधी पसरली, आल्प्स नंतर वर आले आणि धोंडे त्या चादरीवरून घसरत गेले. हिमनद्याच आल्प्समधून पुढे आल्या, हे शार्पांतिएचं म्हणणं टिकलं. त्याचं पुस्तक मात्र 1841 चं, अगासिझचं 1840 चं. पुस्तक व्हेनेट्झ आणि शार्पांतिए यांना अर्पण केलंय, हे अगासिझच्या बाजूने सांगायला हवं. भाचीच्या वहीत व्हेनेट्झचं नाव तरी घालाच.

वर्धाकाठ
आमच्या चंद्रपूरकडेही असे ओरखडे आहेत म्हणतात, खरं का?

दगडूमास्तर
खरंय. इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात. (इरई नदी वेगळी, गाडी तिकडे नेऊ नका.) ब्लॅनफर्ड बंधू या भूवैज्ञानिकांनी 1856 मध्ये ओडिशात तालचेरला बारीक गाळात रुतलेले मोठाले गोटे पाहून बर्फाचं नाव घेतलं, तेव्हा उष्ण प्रदेशात बर्फ कुठला, म्हणून शंका निघाल्या. मग फेडन या भूवैज्ञानिकाने इरईचा चुनखडक दाखवला, 1875 मध्ये छापूनही आला : वरच्या थरातून उघडा पडलेला, घासून गुळगुळीत, त्यावर एका दिशेने गेलेल्या समांतर रेघा. हात फिरवला की खाचा लागतात. फक्त हा बर्फ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा, अगासिझच्या हिमयुगाशी त्याचा संबंध नाही. बघायला जायचं तर उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर.