लाभांश दिला नाही म्हणजे मालक खातोय?

शिरोलीकर:
काल 'आपल्या भागातले शेअर' धाग्यावर एकांनी लिहिलं: "सांडपाणी शुद्धीकरणवाली आपली एसएमई (शेअर बाजाराच्या छोट्या कंपन्यांच्या विभागातली) कंपनी दरवर्षी नफा दाखवते, लाभांशाचा रुपया देत नाही. मालक खातोय. विका आणि मोकळे व्हा." वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

नफ्याचा आकडा बघितला, मग रोकड प्रवाहाचं पान का सोडलं? या धंद्यात काम पुढं सरकेल तसा नफा धरतात. पैसा येतो नगरपालिकेच्या सवडीनं. बिल पास झालं तरी रिटेन्शन म्हणून काही रक्कम कापून राहते, बँक गॅरंटीपोटी एफडी अडकते आणि प्लांट सुरू झाला तरी दोषदायित्वाची (दोष निघाला तर कंपनीनं दुरुस्त करून द्यायची) मुदत संपेपर्यंत ती सुटत नाही. मग लाभांश कशातून वाटायचा? बँकेचं कर्ज, म्हणजे कॅश क्रेडिट उचलून?

आपल्याला दिवाळीत दूध संघाचा फरक आणि कारखान्याची सभासद साखर घ्यायची सवय. तिथं दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं. इथं एका बिलासाठी साहेबाच्या केबिनबाहेर बसून राहावं लागतं.

पेठेतला_पोरगा:
ते मीच लिहिलंय आणि मागं घेणार नाही. रोकड नाही म्हणता, मग संचालकांचं मानधन दरवर्षी कशातून वाढतं? त्यांच्याच घरच्या जागेचं भाडं कसं वेळेवर जातं?

करही बघा. 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावरचा कर कंपनीऐवजी घेणाऱ्याला लागतो. मालक वरच्या टप्प्यात, माझे वडील पेन्शनर, त्यांना कर जवळजवळ नाहीच. लाभांश नको कुणाला असणार, सांगा. वडिलांनी ग्रॅच्युइटीतले पैसे 'आपल्या जिल्ह्याची कंपनी' म्हणून घातलेत. औषधं आणायला शेअर विकायचे, तर एसएमईत अख्खा लॉट, म्हणजे शेअरचा ठरलेला गठ्ठा विकावा लागतो. चार शेअर विकून भागत नाही.

शिरोलीकर:
मग पेन्शनरनं एसएमईत पैसे घालायचे कशाला?

पेठेतला_पोरगा:
वडिलांवर घसरू नका. सांगून ठेवतो.

गोकुळशिरगाव_फॅब्रिकेटर:
तुम्ही दोघं मालक-भागधारक भांडताय. आमचं कोण विचारतंय? अशाच एका कंपनीला (ही नव्हे) पाइप सपोर्ट आणि ब्लोअरच्या बेसफ्रेम करून दिल्या. 2006 च्या कायद्यात लघुउद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्या असं लिहिलंय. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पालिकेचं आलं की देतो." पालिकेचं येईतोवर माझ्या वेल्डरचा पगार थांबतो का? आयकरात 43बी(एच) आलं, म्हणजे लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत कंपनीला तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही, तेव्हा वाटलं आता तरी सुटू. खरेदी विभागातून फोन आला, उद्यम नोंदणीचा (लघुउद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचा) नंबर बिलावर टाकू नका म्हणून. आमची देणी थकवून लाभांश वाटला, तर तो माझा पैसा वाटला.

नदीवेसकर:
सगळं पैशावरच चाललंय. कोल्हापूरचा जयंती नाला अजून पंचगंगेत मिसळताना दिसतो, त्यावर एक अक्षर नाही. कसबा बावड्याला 76 एमएलडीचं (रोज 76 दशलक्ष लिटरचं) केंद्र झालं, दुधाळीचं झालं, तरी उन्हाळ्यात पाण्याला वास येतोच. 2012 साली इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली. माझी मावशी तेव्हा महिनाभर अंथरुणाला खिळली होती. या कंपन्यांनी लाभांश दिला काय, न दिला काय. प्लांट नीट चालवा म्हणावं.

शिरोलीकर:
नाला अडवणं, उपसा करून केंद्रापर्यंत पोचवणं हे पालिकेचं काम. पाणी केंद्रात आलंच नाही तर कंपनी काय शुद्ध करणार? पंप बंद पडला की शिव्या मात्र कंपनीला.

नदीवेसकर:
दरवेळी पालिकेवर ढकलायचं! देखभालीचं कंत्राट घेताना पालिका चालते ना?

रात्रपाळी:
मी एका प्लांटवर ऑपरेटर आहे, कुठल्या ते सांगत नाही. वायुवीजन टाकीतलं पाणी लिटरच्या मापात भरून अर्धा तास ठेवतो. चांगला गाळ तपकिरी असतो, खाली बसतो, वर पाणी नितळ. गेल्या उन्हाळ्यात गाळ बसायचाच थांबला. टाकीत हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरचं रबर चोंदलेलं, बारीक बुडबुड्यांच्या जागी मोठे फुगे येत होते, प्राणवायू पोचत नव्हता. बदलायला मागितले तर म्हणाले, सहामाही निकाल लागू दे. त्या निकालात नफा छान दिसला. म्हणून म्हणतो, असा नफा वाटूही नका आणि मिरवूही नका. आधी डिफ्युझर बदला.

पेठेतला_पोरगा:
रात्रपाळी, तुमचं पटलं. फॅब्रिकेटरभाऊंचंही. डिफ्युझर आणि पुरवठादारांची देणी आधी, चला मान्य. पण मग मानधनवाढही थांबवा. वाट बघायची तर सगळ्यांनी.

शिरोलीकर:
मानधनाचा मुद्दा धरतो, नाइलाजानं. वाढ वसुलीशी बांधली पाहिजे, कागदावरच्या नफ्याशी नको. 'खातोय' हा शब्द मात्र अजून मान्य नाही.

2021 पासून ताळेबंदाच्या टिपांमध्ये येणी आणि देणी किती जुनी ते वयानुसार द्यावं लागतं, लघुउद्योगांची देणी वेगळी. तीन वर्षांवरची येणी वाढत असतील तर लाभांश मागणं चूक. येणी वसूल होतायत, लघुउद्योगांची देणी फिटलीयत आणि तरी पैसा एफडीत पडून असेल, तर मी स्वतः सभेत उठून मागेन.

गोकुळशिरगाव_फॅब्रिकेटर:
बिलावर उद्यम नंबरच नसेल, तर मी त्या लघुउद्योगाच्या रकान्यात दिसणार कसा? सभेत आधी हे विचारा.