बीए पहिलं सेमिस्टर, जनरल सायकॉलॉजी: प्रॅक्टिकलला नेमकं काय असतं? आणि पाठ केलेलं टिकत का नाही?

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळा. आता बेळगावात बीए पहिल्या सेमिस्टरला आहे आणि सायकॉलॉजी घेतलंय. मॅडम इंग्लिशमधून शिकवतात, अवघड आलं की कन्नडमधून समजावतात. माझं कन्नड बाजारहाट करण्यापुरतं. वर्गात मराठी मुली आम्ही मोजक्याच, त्या पण माझ्यासारख्याच मान हलवत बसतात.

व्याख्या मी पाठ करते. सेन्सेशन, परसेप्शन, कंडिशनिंग, सगळं रात्री घडाघडा म्हणून दाखवते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं की कोरी पाटी. प्रॅक्टिकलची तर भीतीच आहे. सीनियर म्हणतात की आरशात बघून चांदणी काढायला लावतात आणि सगळ्यांची फजिती होते. त्यात चुका झाल्या तर मार्क जातात का?

अजून एक. मामी म्हणते हे वेड्यांचं शिक्षण, लग्नाच्या वेळी सांगू नको. शेजारच्या काकू उलट, दिसले की हात पुढं करतात, 'सांग बघू माझ्या मनात काय हाय'. मलाच नीट माहीत नाही की हा विषय कशाचा आहे. कुणी शिकलेलं असेल तर सांगा.

तंबाखूनगरी

मी निपाणीचा, थर्ड सेमला आहे. टेन्शन घेऊ नको. मागचे पेपर काढ, तेच तेच फिरून येतं. वुंट, लिपझिग, 1879, सायकॉलॉजीची पहिली प्रयोगशाळा, हे एका मार्काला येतंच. पाव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरचा उंदीर. गाइड घे आणि पाठ करून मोकळी हो. प्रॅक्टिकलला जर्नल नीटनेटकं ठेवलंस की झालं.

लॅबवाले मामा

बाळ, मी प्रोफेसर नव्हे. एका कॉलेजात सायकॉलॉजीच्या लॅबमध्ये अटेंडर होतो, आता रिटायर. शाहपुरात राहतो, नातवाला शाळेत सोडतो, आणलेली भाजी चुकीची आहे हे ऐकून घेतो. पण ती चांदणी, तो आरसा, सगळी कपाटं माझ्याच ताब्यात होती. मॅडम लेक्चर द्यायच्या तेव्हा मी मागच्या स्टुलावर बसून असायचो, त्यामुळं ऐकून ऐकून बरंच डोक्यात शिरलं. तुझं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहूलालोय.

आधी आरसा. स्टँडला एक उभा आरसा असतो, आणि मध्ये पडदा, म्हणजे तुझा हात तुला थेट दिसत नाही, आरशातच दिसतो. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी. दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची, रेघेला लागली की एक चूक. सरळ बाजूला कसं तरी जमतं, कोपऱ्यावर आलं की हात गोठतो. मनात वर, हात खाली. चांगली चित्रं काढणाऱ्या पोरी सुद्धा तिथं 'अय्यो' म्हणून थांबायच्या. तर मार्क चुकांना जात नाहीत. चुका झाल्याच पाहिजेत, नाहीतर टेबलमध्ये लिहिणार काय? पहिल्या खेपेला किती वेळ, किती चुका, दहाव्या खेपेला किती, त्याचा आलेख, तो शिकण्याचा आलेख. दुसरा भाग याहून गमतीचा. आधी डाव्या हातानं एकदा काढायची, मग सराव सगळा उजव्या हाताचा, आणि शेवटी परत डाव्या हातानं. डाव्यानं सराव केलेलाच नसतो, तरी तो सुधारलेला निघतो. बायलॅटरल ट्रान्सफर म्हणतात त्याला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारतात.

आता याच चांदणीची एक गोष्ट, मॅडमनी सांगितलेली. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा माणूस होता, त्याला फिटं यायची. 1953 मध्ये डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला. फिटं कमी झाली, पण त्यानंतर नवीन काही लक्षात राहीना. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळानं परत आला तर त्याला अनोळखी. ब्रेंडा मिल्नर म्हणून बाई होत्या कॅनडातल्या, त्यांनी त्याला हीच आरशातली चांदणी काढायला दिली, तीन दिवस. रोज तो म्हणणार की हे मी कधी केलंच नाही. आणि रोज चुका कमी! म्हणजे हाताची आठवण वेगळ्या ठिकाणी आणि 'मी काल हे केलं' ही आठवण वेगळ्या ठिकाणी. पुस्तकं त्याला एच. एम. म्हणूनच ओळखायची, पूर्ण नाव 2008 मध्ये तो गेल्यावर बाहेर आलं. मी त्या दिवशी आरसे पुसताना जरा जपूनच पुसले.

तुझ्या सीनियरनी तुला 'फजिती होते' एवढंच सांगितलं बघ. विषय त्या फजितीतच आहे. आपल्याला वाटतं आपण स्वतःला ओळखतो, आणि टेबलावर बसलं की कळतं, मोजल्याशिवाय काही खरं नाही. बाणांच्या रेघांचं पण तसंच. म्युलर-लायरचा दृष्टिभ्रम म्हणतात त्याला, 1889 चा. दोन सारख्या रेघा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर. एक लांब वाटते, एक आखूड. लाकडी पट्टी सरकवून तू दोन्ही सारख्या करायच्या, मग मागं मिलिमीटर वाचायचे. सारख्या आहेत हे मला अख्खी नोकरी माहीत होतं, तरी डोळ्याला फसायचंच. माहीत असणं आणि दिसणं ही दोन खाती वेगळी. काही वेळा पट्टी आतून बाहेर सरकवायची, काही वेळा बाहेरून आत, हे विसरू नको. 'का?' असं परीक्षक विचारतात. सरकवण्याच्या दिशेमुळं येणारी चूक दोन्हीकडून सारखी व्हावी म्हणून.

पाठांतराचं सांगतो. निपाणीच्या पोरानं गाइड पाठ कर म्हणून सांगितलंय. पास होशील, पण तू विचारलंयस की टिकत का नाही. हर्मन एबिंगहाउस म्हणून जर्मन होता. त्यानं 1885 मध्ये पुस्तक काढलं, सगळे प्रयोग स्वतःवरच. काही अर्थच नसलेल्या अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, आणि काही वेळानं तीच यादी परत पाठ करायला पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला ते मोजायचं. एका तासानं वाचायचा साधारण 44 टक्के वेळ, एका दिवसानं 34, आणि महिन्यानंतर सुद्धा 21. बहुतेक पडझड पहिल्या दिवसातच, नंतर फारशी नाही. गाइडमध्ये लिहितात 'एवढे टक्के विसरलं', ते तितकं बरोबर नव्हे. त्यानं मोजलं ते परत शिकताना वाचलेला वेळ. व्हायवाला हे सांगितलंस तर परीक्षक वर बघतील.

पण तुझ्या बाबतीत खरी मेख त्याच्या यादीत आहे. त्यानं मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं घेतली होती. तू इंग्लिश व्याख्या न समजता पाठ करतेस, म्हणजे तू पण एबिंगहाउसचीच यादी पाठ करूलालीस की. मग विसरणारच. आधी ती गोष्ट मराठीत आईला सांगून बघ, स्वयंपाक चाललेला असताना. सांगता आली तर इंग्लिश व्याख्या बसायला जागा होते.

आणि वाचत बसू नको नुसतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांचा 2006 चा प्रयोग आहे. काही पोरांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं होते. आठवड्यानं बघितलं तर आठवून लिहिणारे पुढं. म्हणून 'रात्री घडाघडा आलं' यावर विश्वास ठेवू नको. तू खानापूरच्या बसमध्ये बसतेस ना? वही बंद, आज काय झालं ते मनात आठव, अडलं की मगच उघड. पहिल्या दिवशीच एकदा केलंस तर बरंच काम होतंय.

मॅडम कन्नडमधून समजावतात त्याचं वाईट वाटून घेऊ नको. आपल्याकडं तर त्याचा फायदा होतो. स्ट्रूप नावाचा प्रयोग आहे, 1935 चा. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, कारण वाचायचं नाही म्हटलं तरी डोळा वाचतोच. आमच्याकडं मॅडमनी मराठी कार्डं आणि कन्नड कार्डं अशी दोन्ही करून घेतली होती, रंगवली मी. 'हसिरु', म्हणजे कन्नडमधला हिरवा, लिहायचं लाल शाईत. बैलहोंगलच्या कन्नड पोरी कन्नड कार्डावर अडखळायच्या. कन्नड अक्षर न येणारी मराठी पोरं तेच कार्ड धाडधाड सांगून जायची, त्यांना तो नुसता रंगीत आकार! आणि दोन्ही वाचणारी पोरं कन्नड कार्डावर मराठीत रंग सांगताना पण अडखळायची, जरा कमी. गावात पाट्यांवरून भांडणं, आणि आमच्या लॅबमध्ये त्याच दोन लिप्यांवर प्रयोग. तुझ्या जर्नलला असा विषय मिळाला तर सोडू नको, पुण्यामुंबईच्या पोरांना तो इतका सहज मिळत नाही.

मामीला सांग, वेड्यांचं शिक्षण नव्हे. औषध देतो तो सायकियाट्रिस्ट, तो आधी एमबीबीएस होतो. तू बीए करून कुणाला तपासणार नाहीस, त्याला पुढं एमए, मग मान्यता असलेला क्लिनिकल कोर्स आणि नोंदणी लागते. काकूंना सांग, मनातलं सांगणारे कपिलेश्वर मंदिराच्या बाहेर बसतात. आमच्याकडं फक्त स्टॉपवॉच.

रिटायर्ड_सुभेदार

मामा, लिहिलंय झकास, पण हे सगळं अनुभवी माणसाला माहीत असतं. सरावानं हात सुधारतो, लगेच उजळणी केली की टिकतं, यात शास्त्र कसलं? रंगरूट बघितला की पहिल्या परेडला मी सांगायचो हा टिकणार की पळणार. आमच्या आजीला पण कळायचं.

लॅबवाले मामा

सुभेदारसाहेब, नमस्कार. आजीला कळायचं हे खरं. पण आजी 'शितावरून भाताची परीक्षा' पण म्हणायची आणि 'दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं' पण म्हणायची. जे घडलं त्याला लागू पडणारी म्हण नंतर काढायची. घडून गेल्यावर 'मला माहीतच होतं' वाटणं, याला पण त्यांच्यात नाव आहे, हाइंडसाइट बायस. बारूख फिशहॉफनी 1975 मध्ये दाखवलं की निकाल सांगितला की माणसाला तोच निकाल आधीपासून जास्त शक्य होता असं वाटायला लागतं.

तुमच्या रंगरूटाचं खोटं म्हणत नाही मी. फक्त पहिल्या परेडला नावं कागदावर लिहून पाकिटात बंद केली असती आणि ट्रेनिंग संपल्यावर उघडली असती, तर कळलं असतं किती बरोबर आली. आणि ऑफिसर निवडताना एसएसबीमध्ये, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळात, सायकॉलॉजिस्ट असतो की. लष्करानंच ठेवलाय.

रिटायर्ड_सुभेदार

पाकिटाचं पटलं. एसएसबीचं राहू द्या, तिथून माझा पोरगा दोनदा परत आलाय.

मलप्रभाकाठ

मामा, खूप खूप आभार. आईला पाव्हलॉव्हचा कुत्रा सांगितला, खाण्याआधी रोज तोच आवाज ऐकून शेवटी नुसत्या आवाजालाच लाळ गाळणारा. ती म्हणाली, आपली म्हैस चरवीचा आवाज आला की पान्हा सोडते, त्यात काय. मग मलाच समजलं की चरवीचा आवाज म्हणजे कंडिशन्ड स्टिम्युलस, सवयीनं जोडला गेलेला इशारा! ही व्याख्या आता विसरत नाहीये.

आज वर्गात डिजिट स्पॅन होता, आकडे ऐकून परत सांगायचे. मिलर, 1956, सात अधिक उणे दोन, म्हणजे साधारण पाच ते नऊ लक्षात राहतात. मी इंग्लिशमध्ये सहावरच अडकले, मॅडम म्हणाल्या ठीक आहे. पण माझी मेमरी कमी आहे का?

लॅबवाले मामा

म्हशीचं उदाहरण जर्नलमध्ये लिही, आणि पाव्हलॉव्हला 1904 चं नोबेल पचनाच्या कामासाठी मिळालं होतं, सायकॉलॉजीसाठी नव्हे, हे पण. फसवा प्रश्न म्हणून विचारतात.

सहाला काही झालेलं नाही. मॅडमना विचार की परत मराठीत घेऊ का. आपले एक, दोन, तीन, चार एका दमात संपतात. कन्नडचे ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु बोलायला जास्त वेळ घेतात. 1980 मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्श आणि इंग्लिश दोन्ही बोलणाऱ्यांवर हेच बघितलं. वेल्श आकडे बोलायला लांब, तर त्या भाषेत लक्षात पण कमी राहिले. तुमच्या वर्गात तीन भाषा आहेत, शेजारी बसणाऱ्या कन्नड मुलीला सब्जेक्ट म्हणून घे, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. तिला पण दोन्ही भाषांत विचार, तुला पण. मात्र सगळ्यांना एकाच क्रमानं घेऊ नको, निम्म्या जणींना मराठी आधी, निम्म्या जणींना कन्नड आधी. नाहीतर फरक सरावामुळं पडला की आकड्यांच्या लांबीमुळं, ते सुटं होत नाही. आकडे सेकंदाला एक या वेगानं वाच, सुरात नको, सुरात वाचलं की आकड्यांचे गट पडतात आणि लक्षात ठेवणं सोपं होतं.

आणि जर्नलमध्ये सब्जेक्टचं पूर्ण नाव लिहायचं नाही, नुसती आद्याक्षरं. ग्राफ पेपर आधीच घेऊन ठेव, प्रॅक्टिकलच्या आठवड्यात कॉलेजजवळच्या दुकानात मिळत नाही.